तेरा आठवड्यांचं सत्र: एवढे उपक्रम, मग शिकवणार कधी?

सत्र सुरू झालं की शाळेकडून एक पत्रक येतं. डावीकडे आठवडे, वर विषय, आणि मधल्या चौकटींत बारीक अक्षरांत कोंबलेला मजकूर: घटक 3, गटकार्य, सादरीकरण, आकारिक, संकलित, क्षेत्रभेट. पालक ते वाचायचा प्रयत्न करतात, मोबाइलवर फोटो काढून ठेवतात आणि पहिल्याच पालकसभेत विचारतात, "एवढे उपक्रम करणार, मग शिकवणार कधी?"

मी सातवी ते नववीला गणित शिकवते. दर सत्राला त्या पत्रकातला एक रकाना मलाही भरावा लागतो, त्यामुळे हा प्रश्न दरवेळी माझ्या वाट्याला येतोच. प्रश्न रास्त आहे. पत्रक भरणाऱ्यांनी ते वाचायचं कसं, हे कधी कोणाला सांगितलेलंच नसतं.

आधी हा टप्पा कोणता ते

प्राथमिक शाळा संपल्यावर आणि वरच्या माध्यमिक वर्गांत जाण्याआधी साधारण तीन वर्षांचा एक पूल असतो. वय 12 ते 15. केनियात सातवी ते नववी, नायजेरियातही सहा प्राथमिक वर्षांनंतरची तीन वर्षं, चीन आणि जपानमध्येही सहा वर्षांच्या प्राथमिक शाळेनंतर तीनच. नावं वेगवेगळी आहेत, पण या वयातल्या मुलांची पंचाईत सगळीकडे सारखी.

प्राथमिक वर्गात बहुतेक वेळा एकच बाई किंवा एकच सर दिवसभर सोबत असतात. काल गणित जड गेलं हे त्यांना माहीत असतं, म्हणून आज भाषेचा गृहपाठ ते आपणहून कमी करतात. सातवीत पाऊल ठेवलं की दर 40 मिनिटांनी वर्गात नवा माणूस येतो. प्रत्येक जण म्हणतो, "वीस मिनिटांचाच गृहपाठ आहे." सहा जणांनी एकाच दिवशी असं म्हटलं की दोन तास होतात, आणि ही बेरीज शाळेत कोणीच केलेली नसते. ती फक्त मुलाच्या दप्तरात होते.

सत्राचं पत्रक मुळात याच बेरजेसाठी असतं. कोणत्या आठवड्यात कोणाचं ओझं पडणार आणि कोणी थांबायचं, हे आधी ठरावं म्हणून. ज्या शाळेत प्रत्येक शिक्षक आपला रकाना आपल्या घरी बसून भरतो, तिथे नवव्या आठवड्यात विज्ञानाचा प्रकल्प, इतिहासाचं सादरीकरण आणि माझी चाचणी एकाच दिवशी येते. हे आमच्याकडेही झालंय आणि त्यात चूक माझीही होती.

सत्र म्हणजे नक्की किती दिवस?

समजा, सत्र 13 आठवड्यांचं आहे आणि शाळा आठवड्याला पाच दिवस. झाले 65 दिवस. पहिला आठवडा वर्ग लागणं, पुस्तकं, वेळापत्रक बदलणं यात जातो. शेवटचा परीक्षेत. मधली सुट्टी तीन दिवस. क्रीडादिन, प्रदर्शन, क्षेत्रभेट मिळून आणखी चार. उरले 48. रोज 40 मिनिटांची एक तासिका धरली तर गणिताला 48 तासिका, म्हणजे 32 तास. सत्र तीन महिन्यांचं वाटतं खरं, पण एका विषयाच्या वाट्याला येतात ते दीड दिवसाहूनही कमी तास.

या 32 तासांत सहा घटक बसवायचे असतात. घटक म्हणजे एका सूत्रात बांधलेले काही धडे. आता सरळ मार्ग असा की 32 भागिले 6, म्हणजे प्रत्येक घटकाला सव्वापाच तास, एक संपला की पुढचा. बहुतेक पालकांना पत्रक असंच हवं असतं आणि खरं सांगायचं तर मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. प्रवासाला निघताना बॅग भरतो तसं: एकावर एक घड्या, वर गुडघा टेकवून चेन लावली की झालं. बॅग बंद होते. पण पोचल्यावर मोजा शोधायला सगळी उपसावी लागते.

जाता जाता एक गंमत. सत्र हा शब्द यज्ञातला आहे. बारा किंवा त्याहून जास्त दिवस चालणाऱ्या सोमयागाला सत्र म्हणायचे. त्यात यज्ञ करवणारा यजमान वेगळा आणि तो करणारे पुरोहित, म्हणजे ऋत्विज, वेगळे असा प्रकार नसे. बसलेले सगळेच ऋत्विज, सगळेच यजमान, त्यामुळे दक्षिणा कोणी कोणाला द्यायची हा प्रश्नही नसे. वर्गात मागच्या बाकावर हनुवटी टेकवून बसलेल्यांकडे पाहताना मला हे नेहमी आठवतं.

तोच घटक पत्रकात दोन-तीनदा का येतो?

कारण मुलं विसरतात. आपणही विसरतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने हे स्वतःवरच मोजून पाहिलं आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलं. अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते बघायचा. तासाभरानंतरच निम्म्याहून अधिक मेहनत वाया गेलेली असे. एका दिवसानंतर वेळेची बचत उरे सुमारे एक तृतीयांश. पण त्यानंतर घसरण मंदावते: महिन्यानंतरही साधारण पाचवा हिस्सा शिल्लक असे.

शाळेतला धडा अर्थहीन नसतो, म्हणून तो इतक्या झपाट्याने जात नाही. घसरणीचा आकार मात्र असाच राहतो, सुरुवातीला कडा आणि मग सपाटी. म्हणून तिसऱ्या आठवड्यात शिकवलेला घटक चौथ्यात पाच मिनिटं, सातव्यात एक तासिका आणि अकराव्यात पुन्हा थोडा, असा पेरलेला असतो. पत्रकात 'उजळणी' असं लिहिलेलं दिसलं की पालकांना वाटतं, शिकवायचं संपलं म्हणून वेळ काढतायत.

एकाच प्रकारची दहा गणितं ओळीने दिली की मूल सफाईदार सोडवतं, आणि आपण खूश होतो. पण अकरावं गणित वेगळं आलं की अडतं, कारण पहिल्या दहांत कोणती रीत वापरायची हे त्याला ठरवावंच लागलेलं नसतं. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये डग रोरर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या 126 मुलांवर याचा प्रयोग केला. तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे तीन महिने मुलांना गणितं दिली: काही प्रकार एकगठ्ठा, काही एकमेकांत मिसळून. मग न सांगता चाचणी. दुसऱ्याच दिवशी चाचणी झाली तेव्हा मिसळून केलेल्या सरावाचे गुण 80 टक्के आणि एकगठ्ठा सरावाचे 64. तीस दिवसांनी घेतली तेव्हा 74 आणि 42.

ही शेवटची जोडी मी पालकसभेत फळ्यावर लिहिते. गणितं तेवढीच होती, फक्त क्रम बदलला होता. मिसळलेला सराव करताना मुलं जास्त चुकतात, वही लाल होते, घरी काळजी वाटते. ती लाल वही बघून घाबरू नका, एवढंच मी सांगते.

मग उपक्रम कशासाठी?

शैक्षणिक कागदपत्रांत 'अध्ययन निष्पत्ती' असा एक जड शब्द असतो. त्याचा अर्थ इतकाच: घटक झाल्यावर मुलाला कोणी न सांगता काय करता आलं पाहिजे. 'समरूप (आकार तोच, माप वेगळं) त्रिकोण समजतात' ही निष्पत्ती होत नाही, कारण समजतात की नाही ते दिसणार कसं? 'सावलीवरून झाडाची उंची काढता येते' ही होते. आणि ती तपासायची तर झाडापाशीच जावं लागतं.

आमच्या पत्रकात सातव्या आठवड्यात 'सावली' एवढाच शब्द होता, गणित आणि भूगोल दोन्ही रकान्यांत. आठवीचा वर्ग, चार गट, प्रत्येकाला एक मीटरची काठी आणि एक टेप. काठी उभी रोवायची, तिची सावली मोजायची, मग मैदानाच्या कडेच्या झाडाची सावली मोजायची. काठी आणि तिची सावली हा एक त्रिकोण, झाड आणि त्याची सावली हा दुसरा. सूर्याचे किरण दोन्हीकडे एकाच कोनात येतात, म्हणून दोन्ही त्रिकोण समरूप आणि संगत बाजूंचं गुणोत्तर समान. काठीची सावली 80 सेंटिमीटर आली, झाडाची 6.4 मीटर. 6.4 भागिले 0.8, झाड 8 मीटर.

तीन गटांची उत्तरं आठच्या अलीकडे-पलीकडे आली. चौथा गट म्हणाला, "बाई, आमचं झाड बुटकं आलंय." त्यांचं उत्तर होतं साडेसहा. त्यांच्या झाडाची सावली 5.2 मीटर होती. भागाकार तीनदा तपासला, बरोबर. टेप दुसऱ्या गटाकडून मागून आणली, तीही तेच सांगे. काठी तिरकी आहे का ते ओळंबा लावून पाहिलं. दहा मिनिटं गेली. माझ्या जिभेवर उत्तर होतं आणि ते गिळून ठेवणं हे त्या तासिकेतलं माझं सगळ्यात अवघड काम होतं. शेवटी त्यांच्यातल्या एका अबोल मुलीने विचारलं, "काठी आपण कधी मोजली होती?"

काठी मोजली होती मधल्या सुट्टीआधी. झाड सुट्टीनंतर. तेवढ्यात सूर्य वर चढला होता आणि सगळ्या सावल्या आखडल्या होत्या. दोन त्रिकोण समरूप राहिलेच नव्हते.

इथे आक्षेप येतो: हे फळ्यावर एका वाक्यात सांगता आलं असतं की, दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजा. सांगितलं होतं! सूचनांच्या कागदावर दुसऱ्याच ओळीत छापलं होतं आणि चौथ्या गटाने ते मोठ्याने वाचलंही होतं. वाचणं आणि त्याचं कारण कळणं यांत ती दहा मिनिटं होती. त्यानंतर भूगोलाच्या तासाला पृथ्वीच्या फिरण्याबद्दल त्याच गटाने सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले, असं भूगोलाच्या सरांनी मला सांगितलं.

सगळेच उपक्रम असे असतात का?

मुळीच नाही. बरेचसे उपक्रम म्हणजे चमकी लावलेला तक्ता असतो. पाण्याचं चक्र रंगवा, कडेला नक्षी काढा, शनिवारपर्यंत आणा. त्यात मूल पाण्याबद्दल काहीच ठरवत नाही, फक्त निळा रंग कुठे संपवायचा ते ठरवतं. पालकांचा उपक्रमांवरचा राग मला समजतो, कारण तो बहुतेकदा अशा तक्त्यांवरचा असतो आणि तो तक्ता रात्री अकरा वाजता त्यांनीच रंगवलेला असतो.

मी एक साधी परीक्षा लावते. या उपक्रमात मुलाला स्वतः ठरवावं लागेल अशी निदान एक गोष्ट आहे का, आणि ती चुकू शकते का? दोन्हींना 'हो' आलं तर तो अभ्यास. नाही तर ती हस्तकला. हस्तकलाही हवीच, फक्त तिला तिच्या तासाला बसवावं.

पालकांनी करून देण्यावर उपाय शाळेच्याच हातात आहे: महत्त्वाचं काम वर्गात करून घ्यायचं, घरी फक्त माहिती गोळा करायला सांगायची. आमच्या वर्गात प्रकल्पाचं कच्चं टिपण वर्गातच लिहितात आणि ते अंतिम कागदाला टाचलेलं लागतं. खोडाखोड नसलेलं टिपण आलं की मला शंका येते.

उपक्रमांतून शिकण्याची ही कल्पना आजची नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईने शिकागोत 1896 मध्ये प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली ती करून शिकण्यासाठीच, आणि विल्यम किलपॅट्रिकने 1918 मध्ये प्रकल्प पद्धतीवर लेख लिहिला. पद्धत शंभर वर्षांची असूनही रात्री अकराचा तक्ता सुटलेला नाही.

गटात एकच जण राबतो, त्याचं काय?

पाच-सहा जणांच्या गटात राबतोच. चारच्या वर गेलं की एक जण मोजतो, एक लिहितो आणि बाकीचे टेपच्या टोकाशी खेळतात. मी तीन किंवा चारच घेते आणि शेवटी कोणाला बोलायला लावणार ते आधी सांगत नाही. एवढ्याने सगळं सुटतं असं नाही. कामसू मुलांच्या आई दर सत्राला तक्रार घेऊन येतात आणि निम्म्या वेळा त्यांचं बरोबर असतं.

आकारिक आणि संकलित: गुणांचं कोडं

पत्रकातले हे दोन शब्द सर्वांत जास्त गोंधळ घालतात. पोहायला शिकवताना काठावर उभं राहून "पाय सरळ, श्वास बाजूला" असं सांगत राहणं म्हणजे आकारिक मूल्यमापन: शिकणं चालू असताना, ते सुधारावं म्हणून केलेली तपासणी. शेवटी घड्याळ लावून किती वेळात पलीकडे पोचला ते लिहिणं म्हणजे संकलित. दोन्ही हवीत. घोटाळा होतो तो काठावरून सूचना देताना प्रत्येक वाक्यापाठी दहापैकी गुण जाहीर केले की.

रूथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. काही मुलांना कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या वेळी काम सुधारलं ते फक्त शेरा मिळालेल्यांचं. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. वर्गात हे रोज दिसतं: वही हातात पडली की नजर थेट आकड्यावर, मग शेजाऱ्याच्या आकड्यावर, आणि वही बंद. माझ्या तीन ओळींच्या शेऱ्याकडे कोणी बघत नाही.

"गुणच नसले तर मुलं अभ्यास करतील का?" असा प्रश्न येतो. काही करणार नाहीत, हे खरं आहे. म्हणून सत्राच्या शेवटी गुण आहेतच. पण सहाव्या आठवड्यातल्या सरावाला गुण नसतात, तिथे चुकायची मुभा असते. पालकांना हे पचत नाही, कारण घरी विचारायला सोपा प्रश्न एकच: किती पडले? त्याऐवजी पुस्तक मिटून पाच मिनिटं "आज काय झालं ते सांग" असं विचारून बघा. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये महाविद्यालयीन मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला, काहींनी एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61. चाचणी हा असाही अभ्यासच असतो, गुण असोत वा नसोत.

खेळाचे तास कापले तर?

दर सत्राला दहाव्या आठवड्यात कोणीतरी हा प्रस्ताव मांडतंच, आणि बहुधा तो गणिताच्याच शिक्षकाचा असतो. वेळ मिळतो, डोकं मिळत नाही. त्याहून मोठी चोरी होते ती झोपेची. वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, म्हणून तेरा वर्षांच्या मुलाला रात्री लवकर झोप लागत नाही. त्यात हट्ट कमी आणि शरीरधर्म जास्त असतो. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये 13 ते 18 वयासाठी 8 ते 10 तास झोप सांगितली, आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये या वयाच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं म्हटलं. गृहपाठाची ती दोन तासांची बेरीज याच झोपेतून वजा होते.

शेवटचा आठवडा

सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात मी एक दहा प्रश्नांचा कागद देते, ज्यातलं बरंचसं अजून शिकवलेलं नसतं. मुलं वैतागतात. तेच कागद गोळा करून कपाटात ठेवते आणि बाराव्या आठवड्यात, परीक्षेच्या आधी, कोरी प्रत देऊन पुन्हा सोडवायला लावते. मग जुना कागद हातात देते. आपलंच अक्षर बघून मुलं हसतात. कोणाला किती सुधारणा झाली ते पालकांना पाठवण्याच्या पत्रकात लिहायला जागाच नाही, म्हणून मी दोन्ही कागद टाचून घरी पाठवते.

सावलीचा उपक्रम मात्र एका तासिकेत संपत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून रोज घड्याळात ठरल्या वेळी दोन मुलं काठीची सावली मोजतात आणि मागच्या भिंतीवरच्या आलेख कागदावर एक ठिपका देतात. गेल्या सत्रात नऊ आठवड्यांचे ठिपके झाले आणि त्यांचा एक हलका बाक दिसू लागला. मध्ये चार दिवस ढगाळ होते, तिथे ठिपके नव्हते. रेघ त्या मोकळ्या जागेवरून सलग न्यायची की तोडायची, यावर वर्गात वाद झाला आणि घंटा झाली तरी मिटला नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कोणीतरी तिथे पेन्सिलीने तुटक रेघ ओढली होती आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'अंदाजे'.